वाईस घर घेताना

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट मागे पडला की थोड्याच वेळात सुरूरचा फाटा लागतो. तेथे हमरस्ता सोडून उजव्या हातास वळले की वाटेत उसाची शेते, समोर सह्याद्रीच्या रांगा, आणि पांडवगडाचा माथा दिसू लागतो. या रस्त्याने जाणारे बहुतेक लोक वाईस ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन, दोन घटका घाटावर बसून, पसरणीच्या घाटाने पाचगणी-महाबळेश्वराकडे निघून जातात. आम्हीही आजवर असेच कितीएक वेळा गेलो होतो. परंतु २०२३ च्या माघात आमचे जाणे झाले ते निराळ्या कामासाठी. नोकरीतून मोकळे झाल्यावर उरलेला काळ कृष्णाकाठी काढावा, असे आम्हा उभयतांच्या मनात बरीच वर्षे होते, आणि वाईत एक जुना वाडा विकावयाचा आहे असे एका स्नेह्यांकडून कळले होते.

वाईचे वर्णन वाचकांस नवे नाही. सात घाट, त्यांवरील देवळे, प्राज्ञपाठशाळा, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली ज्याचे काम उभे राहिले तो मराठी विश्वकोश, ही सर्व या गावाची प्रसिद्ध भूषणे. माघ महिना असल्याने कृष्णामाईच्या उत्सवाचे दिवस होते. अफजलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून नदीला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा सांगतात. घाटावर मांडव पडले होते, आणि प्रसादाच्या पंक्तीची भांडी नदीच्या पायऱ्यांवर घासली जात होती. आम्ही मात्र त्या दिवशी ढोल्या गणपतीच्या देवळाकडे जरा वेगळ्या दृष्टीने पाहिले. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागील भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराने पुढे निमुळती होत गेलेली आहे, जेणेकरून पुराचे पाणी तिच्यावर न आदळता दुभंगून दोहों बाजूंनी निघून जावे. ज्याने ही भिंत बांधली त्यास पाणी म्हणजे काय हे पुरते ठाऊक होते. आम्हांस ते ठाऊक नव्हते, हे पुढे तीन महिन्यांनी कळावयाचे होते.

वाडा घाटापासून हाकेच्या अंतरावर, एका बोळात आहे. दिंडी दरवाजा, आत फरसबंद चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, वर माडी, आणि परसात आड. खांब व तुळया सागवानी, छत कडीपाटाचे. जोते घडीव दगडाचे, वरची भिंत पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची. विकणारे दोघे बंधू. थोरले साताऱ्यास पेन्शन घेऊन राहणारे, धाकट्यांचा वाईतच व्यवसाय. परंतु तेही अलीकडे गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहावयास गेलेले. वाड्यात वस्तीस होत्या त्या केवळ त्यांच्या काकू, ऐंशीच्या घरातल्या. दोघांनीही आमचे स्वागत अगत्याने केले. काकूंनी चहा केला. माजघराच्या भिंतींस नुकताच फिकट पिवळा रंग दिलेला होता, आणि ‘घर विकावयाचे तरी लक्ष्मीचे घर, म्हणून रंग देऊन घेतला,’ असे धाकटे बंधू म्हणाले. आमच्या सौभाग्यवतींस ते बोलणे फार आवडले. आम्हांसही आवडले, हे प्रांजळपणे लिहून ठेवतो.

कागदपत्रांच्या बाबतीत आम्ही आळस केला नाही, निदान आमची तशी समजूत होती. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका काढली, वकीलसाहेबांकडून दुय्यम निबंधकांच्या दप्तरात तीस वर्षांचा शोध घेववला, पालिकेच्या घरपट्टीच्या पावत्या पाहिल्या. जुन्या नोंदीत विक्रेत्यांच्या वडिलांच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ ही अक्षरे होती. वकीलसाहेबांनी त्यावर बोट ठेवले. एकत्र कुटुंब मॅनेजर असा त्यांचा अर्थ. म्हणजे वडील हे एकटे मालक नव्हेत, कुटुंबाच्या वतीने त्यांचे नाव लागलेले. सबब वंशावळ मागविली. ती आली. तीत वडील, त्यांचे दोन मुलगे, हुबळीस दिलेली एक मुलगी, आणि वडिलांचे धाकटे भाऊ, ‘मयत, निपुत्रिक’ असे लिहिलेले होते. बहीण हक्कसोडपत्र करून देणार होती. चैत्रात साठेखत नोंदविले, किमतीचा पाचवा हिस्सा इसारादाखल दिला, आणि ज्येष्ठ संपण्यापूर्वी खरेदीखत करावयाचे ठरले.

वैशाखात आम्ही पुन्हा वाईस गेलो ते केवळ खोल्यांची मापे घेण्यासाठी. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून आले, धुळीचा लोट उठला, आणि पाहता पाहता वळवाचा पाऊस कोसळू लागला. चौकात गारा उडत होत्या. त्या मजेत आम्ही ओसरीवर उभे असताना काकू लगबगीने स्वयंपाकघरातून एक पितळी परात घेऊन माजघरात आल्या आणि त्यांनी ती कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर अंतरावर, नेमकी ठेवली. क्षणभरातच तीत टप्पकन थेंब पडला. सौभाग्यवती परात थोडी सरकवू लागल्या तेव्हा काकू म्हणाल्या, “राहू दे गं, तिची ती जागा ठरलेली आहे.”

आम्ही वर पाहिले. पिवळ्या रंगावर एक काळपट डाग पसरत होता. तुळईचे टोक ज्या ठिकाणी भिंतीत शिरते, तेथून पाणी उतरत होते.

दुसरे दिवशी सकाळी आम्ही गावातील एका वयोवृद्ध सुतारकाकांस घेऊन आलो. त्यांनी शिडीवर चढून तुळई ठोकीत ठोकीत पाहिली. खणाच्या मध्यावर आवाज खणखणीत येत होता. भिंतीपाशी येताच तो बद्द झाला. त्यांनी पटाशी लावून रंगाचा व गिलाव्याचा पापुद्रा काढला, आणि पटाशी लाकडात मुठीपर्यंत शिरली. आतला सागवान ओल्या तंबाखूसारखा हातात आला. “हे टोक आता भिंतीवर टेकलेलंच नाही, साहेब,” ते म्हणाले, “गिलाव्यावर टेकलंय.”

हे असे का झाले ते सुतारकाकांनी समजावून दिले ते येथे थोडक्यात सांगतो, कारण जुने घर घेऊ पाहणाऱ्या कोणाही वाचकास ते उपयोगी पडेल. चौकाच्या कोपऱ्यात दोन पाख्यांचे पाणी जेथे एकत्र येते तेथील पत्र्याची पन्हळ फाटली होती. पाणी भिंतीत मुरत होते. मातीची भिंत पाणी पिते, तशीच ती उन्हाळ्यात ते बाहेरही टाकते; चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. परंतु पाचसहा वर्षांपूर्वी गळती दिसू नये म्हणून, की थांबावी म्हणून, या भिंतीस आतून सिमेंटचा गिलावा केला होता. सिमेंट ओल अडवून धरते. बाहेरून येणारे पाणी आत येतच राहिले, आतून बाहेर जावयाचा मार्ग मात्र बंद झाला, आणि ती सर्व ओल तुळईच्या टोकात जाऊन बसली. पाठोपाठ वाळवी आली. म्हणजे दुखणे पन्हळीत, औषध भिंतीवर, आणि मरण तुळईला.

त्या तुळईच्या बरोबर खाली काकूंची खाट होती.

आता वादास तोंड फुटले. आम्ही वकीलसाहेबांस फोन लावला. त्यांचे म्हणणे असे की घर अद्याप आपले नाही. साठेखताने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही, तो खरेदीखतानेच होतो. आपण हात लावला आणि काही पडले-झडले तर दोष आपल्यावर येईल. तेव्हा विक्रेत्यांस लेखी कळवावे आणि थांबावे. सल्ला बिनचूक होता. आम्ही तो सौभाग्यवतींस सांगितला. त्या एवढेच म्हणाल्या, “आणि आज रात्री काकूंनी कुठे निजायचे?” यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. धाकट्या बंधूंस बोलावून घेतले, त्यांच्या समक्ष सुतारकाकांनी संध्याकाळपर्यंत तुळईखाली दोन धिरे उभे करून टेकू दिला, आणि काकूंची खाट ओसरीवर आणली. धिऱ्यांचे पैसे तूर्त आम्ही दिले. धाकटे बंधू सर्व वेळ गप्प उभे होते.

दोन दिवसांनी थोरले बंधू साताऱ्याहून आले आणि ओसरीवर बैठक झाली. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा. त्याचे ५५ वे कलम घर घेणाऱ्या-देणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावे असे आहे. मिळकतीत किंवा तिच्या मालकीहक्कात जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, आणि घेणाऱ्यास नाही व जो साधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येण्यासारखा नाही, तो विक्रेत्याने सांगितला पाहिजे. न सांगणे ही त्या कलमाने फसवणूक ठरविली आहे. शिवाय करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत शहाणा मालक आपल्या वस्तूची जशी निगा राखील तशी विक्रेत्याने राखावयाची असते. उलटपक्षी, मालकी एकदा आपल्याकडे आली की पुढची पडझड आपली. भिंतीवरची चीर, हलणारी फरशी, न लागणारी खिडकी, यांच्याबद्दल खरेदीनंतर तक्रार करणे व्यर्थ. ते डोळ्यांनी दिसत होते. भिंतीच्या पोटातील तुळईचे टोक मात्र दिसत नव्हते.

थोरल्या बंधूंस यातले काही ठाऊक नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसले. धाकटे म्हणाले, “गळती थांबावी म्हणूनच गिलावा केला. लपवायचे असते तर काकूंस परात ठेवू दिली असती काय?” हे बोलणे आम्हांस अर्धे पटले. गिलावा केला तेव्हा लपविण्याचा हेतू नसेलही. रंग दिला तेव्हा तो नव्हताच असे म्हणवत नाही. परंतु मनुष्य आपल्या घराचे दोष पाहता पाहता त्यांस इतका सरावतो की ते सांगावयाचे असतात हेच विसरतो. आमच्या पुण्याच्या सदनिकेतील नळ सहा वर्षे एका विशिष्ट कोनात धरल्याशिवाय बंद होत नसे, आणि ती विकताना आम्ही तो कोणास सांगितला होता? असो.

धाकट्यांनी तोड काढली ती अशी की चाळीस हजारांत ते स्वतः आठ दिवसांत दुरुस्ती करून देतील. ऐकावयास हे गोड वाटते. परंतु जो घर सोडून चालला आहे त्याची दुरुस्ती ताब्याच्या दिवसापर्यंत टिकावयाची असते, आणि जो राहावयास येणार आहे त्याची पुढच्या पिढीपर्यंत. लोखंडी पट्टी मारून, वरून पुन्हा सिमेंट थापून, पुन्हा पिवळा रंग दिला असता तर आम्हांस काय कळणार होते? आम्ही म्हटले, दुरुस्ती आम्ही करू, किंमत तेवढी उतरवा. सुतारकाकांचा अंदाज एक लाख पंचाऐंशी हजारांचा होता. बोलता बोलता एक लाख साठ हजारांवर तडजोड झाली. ही रक्कम तोंडी सवलत म्हणून न ठेवता साठेखतास पुरवणी करार जोडून मूळ किमतीतून कमी करावयाची, असे ठरले. टेकूचे पैसे थोरल्या बंधूंनी तेथल्या तेथे खिशातून काढून दिले.

मध्ये दोन दिवस मोकळे होते म्हणून आम्ही मेणवलीस जाऊन आलो. वाईपासून कोसभर अंतरावर नाना फडणविसांचा वाडा कृष्णेच्या काठी उभा आहे. खाली चंद्रकोरीच्या आकाराचा घाट, आणि वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकी म्हणून सांगितली जाणारी मोठी घंटा. ‘स्वदेश’ चित्रपटामुळे (२००४) हा घाट देशभर ओळखीचा झाला, आणि तेथे जाणारे तरुण त्या पायऱ्यांवर छायाचित्रे काढीत असतात. आम्ही मात्र सर्व वेळ माना वर करून तुळयांची टोके पाहत हिंडलो. तेथील रखवालदारास आमच्याविषयी काय वाटले असेल कोण जाणे!

मेणवलीहून परत आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. काकू ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या. टेकूमुळे माजघर आता बंदच ठेवले होते. सौभाग्यवती त्यांच्याजवळ बसल्या. बोलता बोलता काकू सहज म्हणाल्या, “ही माजघराची बाजू आमच्या ह्यांच्या वाट्याची. भावजींनी आणि ह्यांनी वाटण्या कधी केल्या नाहीत, पण चौकाच्या अलीकडे त्यांचे आणि पलीकडे आपले, असे चालत आले. हे गेल्याला पंचवीस वर्षे होतील आता.”

आम्ही ते ऐकून जागच्या जागी थिजलो. ‘मयत, निपुत्रिक’ हे शब्द आम्ही वंशावळीत वाचले होते. निपुत्रिक म्हणजे मुले नाहीत. विधवा नाही असा त्याचा अर्थ कोणी सांगितला? आणि ती विधवा कागदावर नव्हती तरी डोळ्यांसमोर होती. तिच्या हातचा चहा आम्ही दोनदा प्यालो होतो. ज्यास आम्ही सारा वेळ ‘घरातील काकू’ म्हणत होतो, तो मनुष्य या घराचा मालक असेल अशी शंका आम्हांस, वकीलसाहेबांस, कोणासही शिवली नव्हती. वकीलसाहेब फोनवर काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे नवऱ्याचा वाटा त्यांच्याकडे आला. दोघे भाऊ समान. म्हणजे अर्धा वाडा काकूंचा आहे.”

तुळई कुजल्याचे दिसल्यावर झोप उडाली होती. हे ऐकून तर घामच फुटला. काकूंच्या सहीवाचून खरेदी झाली असती तर अर्ध्या घराचे पैसे देऊन आम्ही एक दावा विकत घेतला असता. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे एका वृद्ध स्त्रीस तिच्याच घरातून, तिला न विचारता, आम्ही उठविले असते.

पुन्हा बैठक. या खेपेस ती कठीण गेली. थोरले बंधू म्हणाले, “काकू काय, घरच्याच आहेत. आम्ही त्यांना सातारला नेणारच आहोत.” त्यांच्या मनात कपट नव्हते. परंतु सांभाळणे वेगळे आणि हिस्सा देणे वेगळे. धाकटे उठून चौकात येरझारा घालू लागले. अखेर आम्ही सांगितले की काकू विक्रेत्या म्हणून करारात आल्या, त्यांच्या हिश्श्याची रक्कम त्यांच्याच नावे खात्यात गेली, तरच पुढे जाऊ. नपेक्षा इसार परत करावा. काकूंना निराळा वकील असावा असेही आम्ही सुचविले, कारण पुतण्यांच्या आणि घेणाऱ्यांच्या मध्ये त्यांच्या बाजूचा कोणी नव्हता. चार दिवस निरोप आला नाही. पाचव्या दिवशी थोरल्यांचा फोन आला. “काकूंचे बरोबर आहे,” एवढेच ते म्हणाले. धाकट्यांची समजूत त्यांनी कशी घातली ते आम्ही विचारले नाही.

आता काकू काय म्हणतात हा प्रश्न. आमच्या मनात आले होते की मागील दोन खोल्या त्यांस हयातीपर्यंत राहावयास द्याव्यात आणि तसे खरेदीखतात लिहावे. आपल्या उदारपणाचे आम्हांसच कौतुक वाटत होते. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले. “अहो, वाडा ही तुमची हौस,” त्या म्हणाल्या. “मला रात्री तीनदा उठून, चौक ओलांडून परसात जावे लागते. मला तळमजल्यावर, आत संडास असलेली जागा बघून द्या.” घाटाजवळच्याच एका नव्या इमारतीत तशी दोन खोल्यांची जागा मिळाली. ती त्यांनी आपल्या पैशांतून, आपल्या नावाने घेतली.

ज्येष्ठात खरेदीखत झाले. हुबळीच्या बहिणीचे हक्कसोडपत्र आधीच नोंदले गेले होते. दुय्यम निबंधकांसमोर सर्वांची छायाचित्रे आणि अंगठ्याचे ठसे घेतात. काकूंचा ठसा यंत्रावर उमटेना. साठ वर्षे भांडी घासून, शेणाने सारवून, बोटावरच्या रेषाच झिजल्या होत्या. कारकुनाने ओल्या फडक्याने बोट पुसले, पुन्हा ठेवले. पाचव्या-सहाव्या खेपेस ठसा लागला. सही मात्र त्यांनी ठसठशीत, सावकाश केली, आणि कागद दोन्ही हातांनी धरून एकदा पुरता वाचला. घराच्या कागदावर सही करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ.

त्या वर्षी पाऊस लांबला, ही आमच्यावर मेहेरबानीच झाली. सुतारकाकांनी आणि गवंड्याने प्रथम पन्हळ बदलली. मग सिमेंटचा गिलावा काढून भिंत वाळू दिली. तुळईचे दीड हात टोक कापून तेथे जुन्या सागवानाचा सांधा बोल्ट घालून जोडला, खाली घडीव दगड बसविला, आणि टोकाभोवती वारा खेळेल इतकी जागा मोकळी ठेवली. शेवटी चुन्याचा गिलावा. सुतारकाकांचा अंदाज अकरा हजारांनी चुकला, आणि ते भांडण आम्हांस कोणाशीच करता आले नाही.

अधिक श्रावणात, पाऊस धो धो चालला असताना, काकू गणपतीचे दर्शन घेऊन परत जाताना वाड्यात आल्या. छत्री ओसरीवर मिटून ठेवली, माजघरात आल्या, आणि त्या कोपऱ्यात उभ्या राहून बराच वेळ वर पाहत राहिल्या. भिंत कोरडी होती. सौभाग्यवतींनी चहा आणला. कप हातात घेत काकूंनी विचारले, “पन्हळीखालच्या फटीत पिंपळाचे रोप आहे, ते काढलेत का?”

ते आम्ही पाहिलेच नव्हते. चहा तसाच ठेवून आम्ही शिडी आणावयास परसात गेलो.